साखळी तोडलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. अकोल्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. पुढे कापडाच्या गिरणीत, जिथे बायका सूत गुंडाळत, तिथल्या रांजणाला मला साखळीने बांधले.

पूर्वी तिथे दोन रांजण होते. सूत गुंडाळणारी पंचफुला आणि तिच्या दलित वस्तीतल्या बायकांचा, विटाळ नको म्हणून, वेगळा. एकोणीसशे पंचावन्न साली पंचफुलाने भांडून दोनांचा एक करवला. पहिल्या दिवशी ती माझ्यातून प्यायली आणि लगेच तिच्यामागून मुकादमीण गंगूबाई. त्या दिवसाइतका मी पुन्हा कधी चकाकलो नाही.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली. मला टेकणारे ओठ कढत लागू लागले. आज प्यायलेली बाई उद्या दिसेना. मी घाबरलो. हा ताप मीच तर वाटत नाही ना?

व्यवस्थापक कमलाकांतराव भला माणूस. प्रत्येकाने आपापले भांडे आणावे, असे डॉक्टर म्हणाले. कमलाकांतरावांनी लगेच माझी साखळी तोडवली, मला फळीवर ठेवले आणि का ते लिहिलेला कागद दारावर चिकटवला. पण आमच्या खात्यात वाचता येणारी एकही बाई नव्हती.

सकाळी पंचफुला आली. अंगात ताप होता, पण खाडा नको म्हणून आली होती. तुटकी साखळी पाहून ती थिजली.

"आमचा पेला काहून सोडला? पुन्हा दोन रांजण मांडून राहिले काय?"

तिने मला उचलून रांजणात बुडवले आणि ती प्यायली. तिचे ओठ तव्यासारखे होते. मग गंगूबाईने हात पुढे केला.

"आण इकडं. पयल्या दिवशी तुह्या मागून मीच पेली. आजबी मीच पेईन."

मला ओरडायचे होते. पण पेल्याला आवाज कुठला? ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

कमलाकांतराव आले ते त्यानंतर. म्हणाले, "बाई, हा विटाळ नव्हे, साथ आहे. रांजण एकच राहील. मी हे आधी येऊन सांगायला हवं होतं." दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचा तांब्या घेऊन पाण्यासाठी बायकांच्याच रांगेत उभे राहू लागले. मग बायकाही आपापले तांबे आणू लागल्या.

तापाने घरी पडलेली पंचफुला बाराव्या दिवशी परतली. गंगूबाई सहाव्याच दिवशी तापात गेली होती. पंचफुलाने मला चिंचेने घासले आणि फळीवर उपडे ठेवले. तो ताप माझ्यातूनच गेला का, ही धास्ती अजून माझ्या पोटात आहे.

मित्रांनो, साथ आली की मला खुशाल बाजूला ठेवा, मी रुसणार नाही. पण कुणाचा पेला काढून घ्याल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन का ते सांगा. तो कागद दारावर बरेच दिवस होता. गंगूबाईला तो कुणीच वाचून दाखवला नाही.