चिलटाचं बारसं

नूतनचं पर्मनंट होणं एका चिलटावर अडलं होतं, आणि ते चिलट पाच कोटी वर्षांपूर्वी मेलं होतं.

गुजरातेतल्या कोळशाच्या खाणीत ते दगड बनलेल्या डिंकाच्या खड्यात अडकून बसलं होतं. खांडबाऱ्याचा आमशा तिथे मजुरीला गेला, तेव्हा खडा त्याच्या घमेल्यात आला. पोरीच्या कॉलेजातल्या मॅडम मेलेले किडे जमवतात हे त्याला ठाऊक होतं. त्याने तो नूतनला आणून दिला.

नूतन त्या कॉलेजात सहा वर्षं तासिकेवर प्राणिशास्त्र शिकवत होती. दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्यांत तिने चिलटाच्या पंखांवरच्या शिरा मोजल्या, मिशांचे तेरा मणी तपासले. जात नवीनच निघाली. एका नियतकालिकाने लेख घेतला. अट एकच, मूळ नमुना संग्रहालयात जमा करा. लेख छापला की महिनाअखेरच्या मुलाखतीत जागा तिची. चिलटाला नाव आमशाचं द्यायचं ठरलं होतं. तो दर बाजाराला फोन करायचा, "मॅडम, बारसं कधी?"

नमुन्यासाठी डबी हवी, हा तिचा अर्ज खरेदी समितीकडे चौदा महिने पडून होता. किडा मेलेलाच आहे तर घाई कसली, असं समितीचं मत पडलं. शेवटी नूतनने घरची धुपाची रिकामी डबी आणली, कापूस घातला नि खडा त्यात ठेवला.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा होती. ब्राह्मणपुरीहून येणारी तिची बस वाटेत बंद पडली. नूतन पोचली तेव्हा आरती उरकली होती. सूक्ष्मदर्शकांना झेंडूच्या माळा, बेडकाच्या सांगाड्याला हळदकुंकू आणि खोलीभर सुरेख वास.

"भिलाभाऊ, हाऊ धूप कोठला?"

"तुमनाच कपाटमा व्हता, मॅडम. डबीमा." शिपाई भिला खुशीत होता. "आपला सालईना डिंकबी इतला गोड नही जळत!"

"त्यामा चिलट व्हतं."

"व्हतं ना! मले वाटनं, धूप जुना व्हयना, किडा पडनात. म्हनीसन मी पहिले तोच जाळा."

विभागप्रमुख राजेंद्र सर डोळे मिटून उभे होते. "मॅडम, पुढच्या वर्षीही हाच आणा."

"पुढच्या वर्षी मी असले तर."

"सणासुदीला असं बोलू नये. प्रसाद घ्या."

तिने चमच्याने राख उकरली. राखच होती.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि खरेदी समितीची डबी आली. आत मखमल, वर पितळी कडी. भिला पोचवही घेऊन उभा राहिला, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, आमशा बोलतो. बारसं कधी?"

"बारसं राहिलं, आमशा. अग्नी दिला."

"कुणी?"

"घरच्यांनीच."

बाजाराच्या गलक्यातून आमशाने विचारलं, "मग माझं नाव आता कुणाला देणार?"

भिलाने पेन पुढे केलं. डबी सुस्थितीत मिळाली, असं नूतनने लिहून दिलं.