उस्ताचा तळहात

लकव्यानं सुतार उस्ता बदीरची उजवी बाजू आणि वाचा गेली त्याला पाच महिने झाले, पण इन्शिराहचं काही अडलं नव्हतं. नवऱ्याला काय हवं ते ती बघताक्षणी सांगायची. बोट हललं, चहा. भुवई उचलली, खिडकी. डॉक्टर तपासायला बसला तर त्यालाही म्हणाली, "मला विचारा. शाळेत गेले नाही, पण हा कागद एक्केचाळीस वर्षं वाचतेय."

अडलं होतं ते खाली, कारखान्यात. इजिप्तमधल्या दुमयातच्या त्या गल्लीत घरोघरी पलंग बनतात, आणि पलंगाची लांब फळी करवतीच्या टेबलावरून पुढे निघाली की पलीकडून धरायला माणूस लागतो. आजवर मुलगा रिफअत ढकलायचा, बाप धरायचा. आता टोक खाली झुकायचं, फळी पात्यात अडायची. शेवटी रिफअतनं घरच्या घरी एक घोडा ठोकला: लाकडाचे चार पाय, वर पाण्याच्या पाइपचा रूळ, दोन्हीकडे बेअरिंग. फळी रुळावरून आपली आपण सरकणार.

"बाबांच्या जागी चार पायांचा आला," सून समाह म्हणाली.

"माझ्या माणसाला दोनच होते, पण वर डोकं होतं," इन्शिराह म्हणाली.

उस्ताला खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यानं घोड्याकडे पाहिलं, डावा तळहात आडवा धरला आणि मनगटातून हळूच फिरवला. पुन्हा फिरवला.

"काय म्हणतायत, यम्मा?" रिफअतनं आईला विचारलं.

"ऊन येतंय डोळ्यांवर. खुर्ची वळव."

खुर्ची वळवली. उस्तानं मान मोडेल इतकी मागे फिरवली आणि परत तोच तळहात.

"अजून थोडी वळव."

आता करवत त्याच्या पाठीमागेच गेली. तो घशातून गुरगुरला, खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

"सकाळी धड खाल्लं नाही, त्याचा राग," म्हणत इन्शिराहनं रोटीत फूल नावाच्या कडधान्याची उसळ गुंडाळून त्याच्या तोंडात घास कोंबला. भरल्या तोंडानंही त्याचा हात फिरतच होता.

रिफअतनं मशीन सुरू केलं. अर्धी फळी सरळ गेली. रुळावर चढली तशी ती आपोआप एका अंगाला ओढली जाऊ लागली. रिफअतनं जोर लावला. जळका वास आला आणि फळी उसळून मागे येऊन त्याच्या पोटावर आदळली. तो खालीच बसला. समाहनं धावत जाऊन बटण बंद केलं.

श्वास परत यायला वेळ लागला. मोडलं काही नव्हतं. पोटावर चार बोटं रुंद लाल वळ उठला होता. मग त्यानं काटकोन तपासायचा गुण्या आणून रुळाला लावला. घोडा तिरका उभा होता. त्यानं तो सरळ करायला फिरवला, हळूच, बापाचा तळहात फिरत होता तसाच.

"यम्मा, बाबा हे सांगत होते."

"मग तुला का नाही कळलं? मुलगा ना तू त्याचा?"

इन्शिराहनं उस्ताच्या हनुवटीवरची उसळ पुसली. तो तिच्याकडे बघतच नव्हता. पाच महिन्यांत त्याला किती चहा पाजले, किती खिडक्या लावल्या, ते तिला एकेक करून आठवू लागलं.

दुपारी फळ्या सुरळीत निघत होत्या. उस्तानं दोन बोटं उचलली, तिच्याकडे केली, मग जमिनीकडे. समाहनं सवयीनं चहाची किटली उचलली.

"काय म्हणतायत?" तिनं विचारलं.

इन्शिराह त्या बोटांकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"माहीत नाही," ती म्हणाली.

समाहनं किटली खाली ठेवली. उस्ताची बोटं तशीच होती.