अडखळून दाखवा

शिकलेल्या माणसांची घाण कशी असते हे ज्याला बघायचं असेल त्याने तळवड्याला आमच्या कंपनीत यावं आणि जेवणानंतर चौथ्या मजल्यावरच्या वॉशरूममध्ये एक चक्कर मारावी. गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो, तोंडात इंग्रजी, आणि मागे काय ठेवून जातात ते सांगायला लागले तर तुम्हाला घास गिळवणार नाही. बेसिनमध्ये भाताची शितं आणि केसांचे गुंते. कमोडवर सॅंडलचे ठसे. फ्लशचं बटण हाताच्या अंतरावर, पण त्याला हात लावला तर पगार कापला जाईल अशी यांची वागणूक. दारावर इंग्रजीत बोर्ड आहे की वापरल्यावर पाणी सोडा. मला तो वाचता येत नव्हता तेव्हा वाटायचं, त्यावर काहीतरी वेगळंच लिहिलेलं असणार, नाहीतर एवढ्या शिकलेल्या बायकांनी ऐकलं असतं. पुढे तो वाचता आला, आणि मला जास्तच शिसारी आली.

मी विजयश्री. राहायला रुपीनगरला, कामाला या कंपनीत हाऊसकीपिंगला. म्हणजे माणूस कॉन्ट्रॅक्टरचं आणि घाण कंपनीची. लोक म्हणतात, या कामाची सवय होते, नाक मरतं. माझं मेलं नाही. घरी गेल्यावर मी आधी अंघोळ करते, मग पाण्याचा घोट घेते, आणि तरीही भाकरी थापताना मधेच हात नाकाशी नेते.

मला त्या मजल्यावरून सुटायचं होतं. सुटायला एकच जागा होती, तळमजल्यावरचं स्टोअर. तिथे साफसफाईचे कॅन, पावडरी, कागदाचे रोल असतात. टेबल-खुर्ची असते. जे लागेल ते द्यायचं, आलेलं लावून ठेवायचं, बस्स. ते सांभाळणारा माणूस कायमचा गावी जाणार होता. आमचा सुपरवायझर रविराज मला म्हणाला, "ताई, तिथं सगळं इंग्रजीतच असतं. कुठलं कशाला वापरायचं, किती पाणी घालायचं, तारीख कधी संपते. जिला वाचता येईल तिचं नाव मी देतो. पण ठरवणार अ‍ॅडमिनच्या स्वप्नाली मॅडम. आपल्या हातात काय नाही."

माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं. अक्षरं ओळखीची होती, ती शेजारी शेजारी बसली की अनोळखी व्हायची.

आता कंपन्यांना दरवर्षी काहीतरी पुण्य करायचं असतं. एका वर्षी आमच्या लोकांनी पार्किंगमागे झाडं लावली, फोटो काढले, आणि पुढे पाणी घालायला कोणी फिरकलं नाही. यंदा आमची पाळी आली. हाऊसकीपिंगच्या बायकांना इंग्रजी वाचायला शिकवायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी, जेवणं उरकल्यावर, कँटीनच्या कोपऱ्यात. पहिल्या दिवशी शिकवायला ऑफिसातल्यांची एवढी गर्दी झाली की शिकणाऱ्या कमी पडल्या. महिन्याभरात एकटी नेहा मॅडम उरली.

पहिलं पुस्तक तिने माझ्या हातात दिलं ते एका अस्वलाचं. निळी टोपी घातलेलं अस्वल, ते मध शोधतं. मी चाळिशीची बाई. सकाळपासून दुसऱ्यांचं ओकलेलं उपसून आलेली. मी पुस्तक मिटून परत दिलं.

"मॅडम, राग मानू नका. पण याचं मला काय करायचंय?"

तिला राग आला नाही. तिने विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाचायचंय?"

"कॅन."

पुढच्या वेळी ती स्टोअरमधून रिकामा कॅन घेऊन आली. त्या दिवसापासून मी तिला मानलं, हेही सांगायला हवं. ती शिकवायचीही मनापासून. मी एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत, शब्दावर बोट ठेवून चालायचे. एखादा शब्द अडला की तिथेच बसून राहायचे. ती म्हणायची, "सोडून द्या तो. पुढे चला. पुढचं वाक्य कळलं की मागचा शब्द आपोआप कळतो." मी प्रत्येक शब्दाचं मराठी करत बसायचे, तेही तिने बंद केलं. "पूर्ण ओळ एकदम बघा. तुम्ही दुकानाची पाटी वाचता तेव्हा अक्षरं जोडता का?" एकच उतारा ती तीन-तीनदा वाचायला लावायची. पहिल्यांदा नुसतं कशाबद्दल आहे ते बघा, दुसऱ्यांदा काय सांगितलंय ते, तिसऱ्यांदा मोठ्याने. मी घरी शाम्पूच्या पुड्या वाचायला लागले, गोळ्यांची पाकिटं वाचायला लागले, बसमध्ये समोरच्याच्या बॅगेवरचं वाचायला लागले.

आणि एक दिवस मी कॅनची मागची बाजू एका दमात वाचली. संडासाचं ॲसिड आणि पांढरं ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी धूर होतो, श्वासाला धोका. पहिल्यांदा कळलं, दुसऱ्यांदा नीट कळलं, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचायची हिंमत झाली नाही. आम्ही वर्षानुवर्षं दोन्ही एकत्र ओतत होतो. कमोड चमकतं म्हणून आम्हाला तसंच शिकवलं होतं. दार लावून, गुडघ्यावर बसून, तो वास छातीत घेत.

माझ्यासोबतची शालनबाई वर्षभर खोकत होती. मी तिला जाऊन सांगितलं.

"म्हंजी हे कॅनावरच लिव्हलं हुतं?" ती म्हणाली.

"हो."

"आन् कुनीच वाचलं न्हाई व्हय गं?"

वाचणारे इमारतभर होते, पण कॅन उचलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आम्ही दोघींनी मिळून बाकीच्यांना सांगितलं आणि एकत्र ओतणं बंद झालं. मला त्या दिवशी स्टोअर जास्तच हवंसं वाटलं. तिथे मी बसले तर निदान कोणाच्या हातात काय जातंय हे बघता येईल.

मग फिल्मचं निघालं. हेड ऑफिसला पाठवायची होती, कंपनीने काय चांगलं काम केलं ते दाखवायला. आधी बायकांना वाचता येत नव्हतं, आता येतं, असं. नेहा मॅडम वॉशरूमच्या बाहेर माझी वाट बघत थांबली होती. चेहरा पडलेला.

"ताई, एक गोची झालीय. सुरुवातीला आम्ही शूटच केलं नाही. आता 'आधीचं' कुठून आणायचं?"

"मग नका दाखवू आधीचं."

"त्याशिवाय फरक कसा दिसणार? ताई, तुम्ही फक्त दोन मिनिटं तसं वाचून दाखवा ना. पहिल्यांदा वाचायचात तसं. अडखळून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी विचारलं, "आणि नंतरचं? तेही मीच वाचणार ना?"

"अर्थात. तुमचीच तर स्टोरी आहे. आणि स्वप्नाली मॅडम येणार आहेत बघायला."

मॅडम समोर बसलेल्या असताना मी सरळ वाचून दाखवणार, म्हणजे स्टोअरचा प्रश्न तिथेच मिटणार. रविराजही म्हणाला, "ताई, करून टाका. आपलं काम होतंय ना." मी हो म्हटलं.

शुक्रवारी कँटीनमध्ये दिवे लावले. मी घरून इस्त्री केलेली साडी आणली होती. कॅमेरावाल्याने ती बघितली आणि म्हणाला, ही नंतर, आता युनिफॉर्मच राहू दे. मग म्हणाला, हातमोजे घाला. मग म्हणाला, मॉप शेजारी उभा करा, आणि एखादा कॅनही ठेवा, म्हणजे कळेल. काय कळेल ते मी विचारलं नाही. त्याने माझ्यापुढे पुस्तक ठेवलं. तेच, निळ्या टोपीच्या अस्वलाचं.

मी पान उघडलं आणि एक गोष्ट ध्यानात आली. एकदा वाचता यायला लागलं की न वाचणं जमत नाही. ओळीवर नजर पडायच्या आत ओळ वाचून झालेली असते. मी थांबायचं म्हणून थांबले, पण तोंड पुढे गेलं.

"नाही, नाही," कॅमेरावाला म्हणाला. "फार छान वाचताय तुम्ही. अडखळून दाखवा."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तो नेहाला म्हणाला, हिला बोट ठेवायला सांगा. नेहाने खुणेने सांगितलं. जे बोट पानावरून उचलायला तिने मला दोन महिने शिकवलं होतं, ते तिने मला परत पानावर ठेवायला लावलं. मी ठेवलं. ओठ हलवले. सोप्या शब्दापाशी कपाळाला आठ्या घातल्या, मधावर चुकले, टोपीवर चुकले, मान खाली घातली. मला माझीच शिसारी येत होती. एवढ्यात स्वप्नाली मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या, आणि नेहाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मी अजून चुकले. थांबले तेव्हा कँटीनमध्ये टाळ्या पडल्या. मॅडमनी टिश्यूने डोळे टिपले.

मी साडी घ्यायला उठले. कॅमेरावाला घड्याळ बघून नेहाला हळूच म्हणाला, "हीच बाई लगेच सरळ वाचताना दिसली तर खरं वाटणार नाही. आणि मॅडमना निघायचंय. दुसरी कोणी?"

दुसऱ्या मजल्यावरची मोनिका चहा प्यायला आली होती. नवीन मुलगी, बारावी झालेली, वर्गाला एकदाही न आलेली. तिला बसवलं. तिने कॉलर नीट केली आणि अस्वलाचं अख्खं पान घडाघडा वाचलं. तिचा काही दोष नाही. तिला वाच म्हणाले, तिने वाचलं.

रविराजला वाटलं, मॅडम खूश आहेत तर आत्ताच विचारावं. "मॅडम, स्टोअरसाठी विजयश्रीताईंचं नाव दिलं होतं."

मॅडम हसल्या. अगदी प्रेमाने. "रविराज, आत्ताच आपण बघितलं ना? त्यांची धडपड ग्रेट आहे. पण तिथे केमिकल असतात. वाचता येणारं माणूस हवं. या मुलीला बसवा, एक तारखेपासून."

"मॅडम, मला येतं वाचता," मी म्हणाले. शेजारीच कॅन होता. मी तो उचलला आणि मागची बाजू वाचली, वरपासून खालपर्यंत, कुठेही न थांबता.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "पाठ केलंत?"

"नाही मॅडम. मघाशी ते नाटक होतं. आधीचं दाखवायचं म्हणून यांनी करायला लावलं."

मॅडमनी नेहाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तिला फक्त हो म्हणायचं होतं. ती मोबाइलकडे बघत म्हणाली, "ताई खूप मेहनत घेतात, मॅडम."

"ते दिसतंच आहे," मॅडम म्हणाल्या, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेल्या. रविराज दुसऱ्या बाजूने सटकला. मी हातमोजे घातलेलेच होते, तशीच वर कामाला गेले.

सोमवारी दुपारी नेहा चौथ्या मजल्यावर आली. मी बेसिन घासत होते. ती दाराशी उभी राहिली.

"सॉरी, ताई. सगळ्यांसमोर बोलता आलं नाही. प्रमोशनचं चाललंय माझं, आणि फिल्म माझ्याच नावावर आहे."

मी नळ बंद केला. "मॅडम, तुम्ही मला वाचायला शिकवलंत, ते मी कोणालाही सांगेन. पण तुम्ही मान खाली घालून ते बोललात ना, तेव्हा मला जी किळस आली तेवढी इथे काम करताना कधी आली नव्हती."

तिचे डोळे भरले. मला त्याचंही काही वाटलं नाही. डोळे भरणारी माणसं मी शुक्रवारीच बघितली होती.

"मी काय करू आता?" तिने विचारलं.

"एक तारखेला अजून आठवडा आहे. वर जा आणि स्वप्नाली मॅडमना खरं काय ते सांगा. एवढंच."

"आत्ता?"

"आत्ताच."

तिने मान हलवली, तोंड धुतलं, केस सारखे केले. मी बादली घेऊन तिच्या मागोमाग बाहेर आले. ती लिफ्टमध्ये शिरली. दार लागताना माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. स्वप्नाली मॅडम सहाव्या मजल्यावर बसतात, आणि नेहा तिसऱ्यावर. मी लिफ्टच्या वरचा आकडा बघत उभी राहिले. चारचा तीन झाला, आणि लिफ्ट तिथेच थांबली.