पासोडीखालची जवारी

मी पासोडी. दोन पदर एकावर एक शिवलेली, जाड, खरखरीत. अंजनगावात विणली गेले आणि अकोल्याच्या कापूसबाजारात खुशालराव दलालांच्या खांद्यावर माझी उमर गेली. गोड बोलणं मला जमत नाही. अंगाला जे कळलं ते सांगते.

बाजारात कापसाचा भाव तोंडानं कोणी बोलत नाही. घेणारा आणि दलाल माझ्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात. जितकी बोटं, तितका भाव. बाहेर दोघे बैलांच्या गोष्टी करतात, आत सौदा होतो, आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. अमेरिकेत लढाई लागली, विलायतेला वऱ्हाडचा कापूस लागू लागला, तेव्हापासून या हातांना फार घाम सुटू लागला. एवढा पैसा आला, पण मला भेटले ते भ्यालेलेच हात. लढाई उद्या थांबली तर?

खरं भेव मात्र मला एका लेकरानं दाखवलं.

खुशालरावांची विधवा बहीण मैनाबाई भगवंतराव शेठच्या आवारात चरकीवर सरकी काढायची. तिथं चाळीस बाया. ज्यांच्या घरी कोणी नाही त्या लेकरं संगं आणत, अफूचा कण चाटवत आणि कापसाच्या ढिगाच्या कडेला निजवून कामाला बसत. एका दुपारी ढीग घसरला. तानुबाईची तीन महिन्यांची पोर आत गेली. मैनाबाईनं दोन्ही हातांनी कापूस उपसला. पोर निळी पडलेली. खुशालराव तिथंच माल पाहायला आलेले. त्यांनी तिला माझ्यात गुंडाळलं.

तिची छाती हलत नव्हती. मी इतकी वर्षं माणसांच्या अंगाला अंग लावून काढली, पण इतकं गप्प अंग कधी पाहिलं नव्हतं. मग एकदाची ती खोकली. त्या दिवसापासून कापसाचा पांढरा ढीग दिसला की माझे धागे आखडतात.

“दादा, लेकरांले येगळी पडवी पायजे,” मैनाबाई घरी म्हणाली. “अन् त्याहिले पाहाले दोन म्हाताऱ्या. म्हाताऱ्याहिच्या पोटाले जवारी. तू शेठलोकांत उठतं-बसतं. तूच बोल.”

“बोलतो न. माहं कामच हाय ते.”

आणि इथंच चुकलं. खुशालराव बोलले, पण सवयीनं माझ्याखाली बोलले. एक बोट म्हणजे महिन्याला एक पोतं जवारी. भगवंतरावांनी तीन बोटं दाबली. अमरावतीचे व्यापारी शेषराव, त्यांनी दोन. “त्यानं किती देल्ली?” हे दोघांनीही विचारलं. खुशालरावांनी एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. दलालाची इमानदारी ती.

महिना गेला. एकही पोतं आलं नाही.

“मी एकच बोट दाबलं होतं, तेबी पुढच्या सालचं,” भगवंतराव म्हणाले.

“मी तं हातानं नुसता रामराम केला होता बाप्पा,” शेषराव म्हणाले.

कापसाच्या सौद्यात असं होत नाही. तिथं भरलेल्या गाड्या समोर उभ्या असतात आणि उद्या पुन्हा त्याच दलालाशी गाठ असते. लेकरांच्या सौद्यात समोर काय उभं होतं? साक्षीला मी एकटी, अन् मला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी भर बाजारात मैनाबाई भावाच्या मागं भगवंतरावांच्या ओट्यावर चढली. शेषराव तिथंच पान खात बसलेले.

“काहून खुशालराव, बहीण दलाली करून राहिली काय आता?” शेषराव म्हणाले.

“दादाले जमली नाई, म्हणून आली,” मैनाबाई म्हणाली.

चार लोक हसले. भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं हात माझ्याखाली सरकवला, खुशालरावांनी धरला. तेवढ्यात मैनाबाईनं मला धरून ओढलं. मी ओट्याखाली पडले. तिची बोटं मला लागली होती. तीही भ्यालेलीच. शेठ चिडले तर उद्या चाळीस चरक्या दुसऱ्या बायांच्या हाती जातील, हे तिला ठाऊक होतं. तोंडावर मात्र तिनं काही दिसू दिलं नाही.

वर दोघांचे हात उघडे पडले. सगळा बाजार पाहत होता.

“आता दाबा शेठजी,” ती म्हणाली. “किती बोटं?”

भगवंतरावांनी एकदा बाजाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “बाई, लढाई थांबली तं भाव पडन. मंग मी कुठून देऊ?”

“थांबन तवा थांबन. ढीग तं उद्याबी घसरन.”

त्यांनी तीन बोटं दाबली. लोकांच्या नजरा शेषरावांकडे वळल्या. त्यांनी पान थुंकलं, धोतराला हात पुसला आणि दोन बोटं पुढं केली.

पडवी झाली. खुशालरावांनी नवीन पासोडी घेतली आणि मी इथं आले. आता माझ्यावर अकरा लेकरं निजतात. दोन्ही पदर विरले आहेत आणि मी नेहमी ओली असते. तानुबाईची पोर माझी किनार दातांनी ओढते.

लढाई थांबली. भाव पडले. शेषरावांची जवारी दोन महिने आली नाही, भगवंतरावांची तीन पोत्यांवरून एकावर आली. एक म्हातारी निघून गेली. दुसरी माणिकबाई, ती म्हणते, दाणे संपतील त्या दिवशी मीही उठीन. चरक्या अजून चालू आहेत. भिंतीपलीकडे कापूस पडल्याचा आवाज येतो आणि मी लेकरं मोजते.

शेठलोकहो, हात आखडता घ्यायचा असेल तर दुरून घेऊ नका. या पडवीच्या दारात या आणि सांगा. लेकरं जागी असताना या.