कानात घातलं, गळ्यात मारलं

दुकानांतून काम करणाऱ्या मंडळींना बाई इंग्रजी शिकवायच्या. बाजार बंद असेल त्या दुपारी एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत वर्ग भरायचा. त्या दिवशी चपलांच्या दुकानातल्या सेल्समननं विचारलं, "बाई, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं याला इंग्रजीत काय म्हणतात?"

वर्ग हसला. बाईही खुलल्या. त्यांनी फळ्यावर चार क्रियापदं लिहिली. पाम ऑफ म्हणजे टाकाऊ माल चलाखीनं गळ्यात मारणं. पास ऑफ म्हणजे खोटं ते खरं म्हणून खपवणं. फॉइस्ट म्हणजे नको ते माथी मारणं. आणि फॉब ऑफ म्हणजे तक्रार घेऊन आलेल्याची थातुरमातुर काहीतरी देऊन बोळवण करणं.

"आता आपापल्या दुकानातलं एकेक उदाहरण सांगा. आधी मराठीत, मग वाक्य बनवू."

उदाहरणांना काय तोटा. रेक्झिन चामडं म्हणून खपलं, भुशाची फळी अस्सल लाकूड म्हणून गेली. बाईंसकट सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. मग कानाच्या मशीनच्या दुकानातल्या ताई उठल्या. पोक्त, मोजकं बोलणाऱ्या.

"आमच्याकडे एकानं परत केलेलं मशीन होतं. मालकांनी ते पुसून नव्या डबीत घातलं आणि एका आजोबांना दिलं. ते आजोबा बिचारे सारखे यायचे. म्हणायचे, भांडी आपटल्याचा आवाज येतो, पण माणसाचं बोलणं कळत नाही. मालक म्हणायचे, मशीन नवंकोरं आहे, तुमचेच कान आणखी उतरलेत."

"पास ऑफ आणि फॉब ऑफ, दोन्ही एकदम," कोणीतरी म्हणालं.

"इतके साधे गृहस्थ," ताई पुढे म्हणाल्या. "खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. म्हणायचे, बसमध्ये कंडक्टर होतो, उभ्यानंच जन्म गेला."

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. त्यांचे वडील कंडक्टर होते. मशीन घ्यायला ते दादाबरोबर गेले होते आणि खुर्चीचं ते वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं.

वर्ग कसाबसा उरकून बाई घरी आल्या. बाबा गॅलरीत पाठमोरे बसले होते. हल्ली ते तिथेच असत. जेवताना कोणी काही विचारलं की नुसती मान हलवत. हो की नाही, ते त्यांनाही ठाऊक नसे. दादा एकदा खेकसला होता, "एवढं महागाचं मशीन आणलं, आता तरी ऐका जरा." तेव्हापासून 'काय म्हणालात' असं विचारणंच त्यांनी सोडलं होतं. बाईंना ते सगळं आठवलं आणि संताप आला. फसवलं ते फसवलं, वर त्या माणसाला स्वतःच्याच घरात अपराधी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना सगळं कागदावर लिहून दाखवून त्या त्यांना घेऊन दुकानात गेल्या. बाकावर तीनचार गिऱ्हाइकं होती. मालकांनी तोंडभर हसून चहा मागवला.

"चहा नको," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडचं सीलबंद मशीन आमच्यासमोर उघडा आणि यांच्या कानात घाला."

"मॅडम, उपयोग नाही. काकांच्या कानातच आता दम राहिलेला नाही. हवं तर सेल बदलून देतो."

"मी सेल मागितला नाही."

"हेही नवंच आहे हो. कोणी भरवलं तुमच्या डोक्यात?"

बाईंना ताईंचं नाव घेऊन त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता. पण ताईच काउंटरमागून बाहेर आल्या. "साहेब, ते परत आलेलं आहे. डबी मीच बदलली होती, तुमच्या सांगण्यावरून."

ताईंनी एक सीलबंद खोका उघडला, मशीन बाबांच्या कानात बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, ऐकू येतंय का?"

"येतंय," बाबा म्हणाले. मग मालकांकडे वळले. "मशीन खोटं दिलंत, ते एक झालं. पण माझे कान गेले म्हणालात. मी घरात बोलायचा बंद झालो. माझे कान जेवढे होते तेवढेच आहेत, असं या लोकांसमोर म्हणा."

मालक काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं," बाबा म्हणाले. "कंडक्टरसारखं, बसच्या मागच्या दारापर्यंत जायला हवं."

मालकांना ते मोठ्यानं म्हणावं लागलं. बाकावरच्या एका आजींनी आपल्या कानातलं मशीन काढून काउंटरवर ठेवलं. "माझंही बघा जरा," त्या म्हणाल्या.

बाबांनी ते नवं मशीनही ठेवून घेतलं नाही. पैसे परत घेऊन त्यांनी दुसरीकडून मशीन घेतलं.

ताईंची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. पुढे त्यांना एका औषधांच्या दुकानात काम मिळालं आणि वर्ग चालू राहिला. बाईंनी फीचा विषय काढू दिला नाही. पण त्या कानांच्या दुकानावरून जाताना बाईंचं डोकं अजून भणभणतं. दुकान चालू आहे, काच लखलखते, आणि मालक दारात उभे राहून कोणा म्हाताऱ्याला हात धरून आत नेत असतात.