सातवा कागद

आमच्या सासूबाईंसमोर दोन मिनिटं स्वस्थ बसू नये, त्या आपल्यालाही फडक्याने पुसून घेतील. माणूस लाख मोलाचं, पण धुळीशी सात जन्मांचं वैर.

मी हवा तपासणाऱ्या कार्यालयात काम करते. गल्लीच्या टोकाला कापड रंगवायचा कारखाना आहे. त्याच्या धुरांड्याला आमचीच गच्ची सगळ्यात जवळ, म्हणून यंत्र तिथे बसवलं. ते दिवसरात्र हवा ओढतं, काजळी पांढऱ्या कागदावर बसते, आणि रोज सकाळी मी कागद बदलून जुना वजनाला नेते. असे सलग सात कागद काळे निघाले की कारखान्याला धूर गाळायची सक्ती होणार होती. एक खाडा झाला की फाइल बंद. या धुराने मामंजींना आडवं पडलं की धाप लागते; दोन वर्षं ते उशांना टेकून बसूनच झोपतात. त्यांच्यासाठी ही फाइल मी दातओठ खाऊन इथवर आणली होती.

सातव्या सकाळी गच्चीत गेले तर कागद दुधासारखा पांढरा!

"आई, याला हात कुणी लावला?"

"मीच बदलला." सासूबाईंना शाबासकी हवी होती. "आज तुझे साहेब येणार ना? तो काळाकुट्ट कागद बघून म्हणाले असते, बाई कामात गबाळी आहे. दिला कचऱ्याच्या गाडीत."

करायला गेल्या एक नि झालं भलतंच. मी इतकी ओरडले की मामंजी खोकत बाहेर आले.

तेवढ्यात साहेब आलेच. मी म्हटलं, "सर, कागद माझ्याकडून गहाळ झाला." नोकरी गेली तरी चालेल, पण परक्यासमोर सासूबाईंची मान खाली जायला नको, असं वाटलं. मी रागावले होते तरी माझ्याच होत्या ना त्या.

"खोटं बोलतेय ती," सासूबाई पुढे झाल्या. "मी फेकला. मला वाटलं, यंत्राचीच घाण आहे." मग त्यांनी मामंजींकडे पाहिलं. "एका दिवसात एवढी काजळी, साहेब? कागद मी बदलला हो. यांची छाती कुठून बदलून आणू?"

मामंजींनी त्यांचा हात धरला. साहेबांनी फाइल उघडून पेन काढलं.

"पुन्हा पहिल्यापासून सात दिवस," ते म्हणाले. "माझ्या सहीने. आणि आजी, यंत्राला कुलूप लावून जातो."

"लावा," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "किल्ली मात्र माझ्या हाती देऊ नका."