शनिवारचा ठेंगणा खांब

सिपोराच्या पत्राला निसीमभाऊ वाक्रूळकरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते, आता शहात्तरचे. मधली सगळी वर्षं इस्रायलहून आलेलं ते निळं हवाई पत्र त्यांच्या घरात या पुस्तकातून त्या पुस्तकात फिरत राहिलं. ज्या पुस्तकात ते असेल ते पुस्तक निसीमभाऊंना उघडवत नसे. ते वाचायचं म्हटलं की आधी पत्र दुसरीकडे हलवायचं, की ते दुसरं पुस्तक वाचनातून गेलं.

पत्र पाठ होतं. ‘निसीमभाऊ, शालोम. एकच विचारते. आमचा रूबेन फरशीच्या पुलावरून गेला त्या शनिवारी नदीला पाणी किती होतं? चौकशीच्या कागदात दोन मीटर वीस लिहिलंय. म्हणजे फरशी कोरडी होती. मग लोक म्हणतात तशी त्याने आपणहून उडी टाकली का? शनिवारची शिफ्ट घेतो म्हणून आईने त्याला इथून रागाचं पत्र टाकलं होतं. त्या पत्रानेच तो गेला असं धरून बसली आहे. जेवत नाही. आकडा तुमच्या हातचा आहे. तुम्ही पाहिलं असेल. तेवढं कळवा.’

निसीमभाऊंनी पाहिलं नव्हतं. उत्तर अडलं होतं ते तिथेच.

ते तेव्हा रोह्याला कुंडलिकेवरची पट्टी वाचायच्या कामावर होते. पुलाच्या खांबाला आकड्यांची पट्टी ठोकलेली. दिवसभरात पाणी जास्तीत जास्त कुठवर चढलं ते वहीत लिहायचं. पावसाळ्यात सुट्टी नसे. पण निसीमभाऊ बेने इस्रायली, कोकणातले ज्यू, आणि त्यातही शब्बाथ पाळणारे. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी चांदण्या निघेपर्यंत काम नाही, लेखणीला हात नाही. साहेबाला सांगून शनिवारपुरता बदली माणूस मागता आला असता. साहेब काही वाईट नव्हता. एकदा निसीमभाऊ मागायला गेलेही, दारात उभे राहिले आणि “पाऊस बरा आहे, साहेब” एवढंच बोलून परत आले. मग रविवारी जाऊन पट्टी वाचायची, शुक्रवारचा आणि रविवारचा आकडा घ्यायचा आणि त्यांच्या बरोबर मधला आकडा शनिवारच्या रकान्यात टाकायचा, अशी रीत पडली. ती बावीस वर्षं चालली.

त्या रविवारी, पंधरा जुलैला, शुक्रवारचा आकडा होता दोन दहा, रविवारचा दोन तीस. हात सवयीने दोन वीस लिहून गेला. मग त्यांनी मान वर केली. पट्टीवर पार वर, चार साठच्या आकड्यावर, ओल्या गाळाची रेघ होती. तिला गवताची काडी चिकटली होती. पलीकडे जायची बुटकी फरशी होती तीन ऐंशीला. शनिवारी दुपारी कधीतरी वरच्या डोंगरातून पाणी आलं होतं आणि दोन तासांत उतरूनही गेलं होतं. वहीत खाडाखोड चालत नसे. असू दे, म्हणून त्यांनी वही मिटली. सोमवारी रूबेन खाली दोन मैलांवर सापडला, त्याची सायकल आणखी पुढे. पलीकडच्या वाडीतली गिरजाबाई पोलिसांना सांगत होती, “फरशीवरनं पानी जात व्हतं वो, मी बघितलं माज्या डोल्यांनी.” पण कागद दोन वीस म्हणत होता.

तेव्हापासून ती रेघ निसीमभाऊंच्या मागे लागली. चहा पिऊन कप ठेवला की आत रेघ. श्रावणात भिंतीला ओल आली की छातीइतक्या उंचीवर रेघ. आणि पेणच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात ते मोजायला उभे राहिले की आठ असले तरी त्यांच्या मोजणीत नऊ येत. पुन्हा मोजलं की आठ. नववा कोण, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

या गोष्टीला तोंड फुटलं ते ऋतुजामुळे. ऋतुजा रोह्याजवळच्या वालाच्या शेतकऱ्याची मुलगी. बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून ती एक साधन बनवत होती. गावातल्या कुणीही यावं, पाऊस, भरती, नदीची पातळी यांतलं हवं ते उचलावं आणि आपला तक्ता आपण मांडावा. रेघांचा हवा तर रेघांचा, खांबांचा हवा तर खांबांचा. चार तक्ते एका पडद्यावर लावून आपला फलक करावा. नमुन्याला म्हणून तिने रद्दीत निघालेल्या नदीच्या वह्या मिळवल्या होत्या, आणि त्यांतलं अक्षर लावायला ज्याचं अक्षर तोच माणूस शोधून काढला होता. निसीमभाऊंना नाही म्हणता आलं नाही. सहा महिने ते मंगळवारी एस. टी. ने पेणहून रोह्याला येत आणि आकडे वाचून दाखवत. चौदा जुलैचा आकडाही त्यांनी वाचला होता. दोन वीस.

त्या मंगळवारी ऋतुजा म्हणाली, “काका, आज तुम्ही चालवायचं. मी माऊसला हात नाय लावणार. कुठे अडता तेवढं बघणार.”

“मी मोडून ठेवीन काहीतरी.”

“मोडा की. सोमवारी नागोठण्याचे लोक बघायला येणारेत, त्यांच्या हातून मोडण्यापेक्षा तुमच्या हातून मोडलेलं बरं.”

डावीकडे चौकटींची यादी होती: तारीख, वार, पातळी, पाऊस. निसीमभाऊंना ‘तारीख’ उचलायची होती. बोट घसरलं, शेजारचा ‘वार’ उचलला गेला आणि आडव्या रेघेवर जाऊन पडला. ‘पातळी’ त्यांनी उभ्या रेघेवर ठेवली. साधनाने विचारलं, सरासरी की सर्वांत जास्त? त्यांनी दुसऱ्यावर टिचकी मारली.

पडद्यावर सात खांब उभे राहिले. रविवार ते शुक्रवार सहा खांब वर छताला भिडलेले. सातवा, शनिवारचा, निम्म्यातच खुंटलेला.

ऋतुजा हसली. “अगो बाई! बावीस वर्षांत शनिवारी एकदाही पूर नाय? नदी हाफ डे घ्यायची की काय?”

निसीमभाऊंना हसता आलं नाही. ठेंगण्या खांबाचा माथा त्यांना ओला दिसत होता.

“माझंच काहीतरी चुकलंय,” ती म्हणाली. तिचं हसू गेलं. “वार काढताना घोळ होतोय. बघते.”

ती बघत बसली. बुधवारी तिचा फोन आला. चूक सापडत नव्हती. गुरुवारी सकाळी पुन्हा आला, आवाज बसलेला. “काका, सगळं उलटंपालटं केलं. शनिवार प्रत्येक वेळी शुक्रवार-रविवारच्या बरोब्बर मध्ये येतोय. असं खऱ्या नदीत होतं का कधी? माझं यंत्रच खोटे आकडे बनवतंय. सोमवारचं रद्द करून टाकते.”

निसीमभाऊंनी फोन ठेवला आणि स्टँडवर आले. एस. टी. च्या काचेवर चिखलाची रेघ होती. तिच्याकडे पाहत त्यांनी रोहा गाठलं. जिना चढून दारात उभे राहिले. पाऊस बरा आहे, एवढं बोलून परत फिरावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

“ऋतुजा, यंत्र खरं आहे,” ते म्हणाले. “खोटा मी आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दारातच, उभ्याने. पट्टी, शब्बाथ, साहेब, चार साठवरची काडी, पत्र.

“तीन दिवस मी स्वतःला शिव्या देतेय,” ती म्हणाली. “आणि ती बाई चौतीस वर्षं वाट बघतेय. तुम्ही काका, पुस्तकं वाचत बसलात?”

“वाचली नाहीत फारशी,” निसीमभाऊ म्हणाले.

जरा वेळाने तिने खुर्ची पुढे सरकवली. “बसा. आता काय करायचं बोला.”

“शनिवार पुसून टाक. सगळे.”

तिने पुसले आणि तारखांचा रेघांचा तक्ता उघडला. निसीमभाऊ पडद्यावर वाकले. तेरा जुलै, पंधरा जुलै, आणि मधून सरळ जाणारी रेघ. चौदाच्या जागी ती दोन वीसवरूनच जात होती. आकडा गेला, तरी खोटं होतं तिथेच होतं.

“हे कोण करतंय?” त्यांनी विचारलं.

“मीच ठेवलंय तसं. मधे आकडा नसला की यंत्र दोन टोकं जोडतं. दिसायला बरं दिसतं म्हणून.” बोलता बोलता ती थांबली. “तुम्ही करायचात तेच की हे.”

तिने ती सोय काढली. मग लिहीत बसली, आणि निसीमभाऊ शेजारी बसून राहिले. संध्याकाळच्या आत साधनाला एक नवी चौकट आली होती: ‘न पाहिलेला दिवस’. ती लावली की रेघ तुटायची, तिथे कोरी जागा राहायची, आणि त्या जागेवर ज्याने पाहिलं नाही त्याला दोन ओळी लिहिता यायच्या.

“लिहा,” ती म्हणाली.

निसीमभाऊंनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं. ‘चौदा जुलै, शनिवार. मी पट्टीवर गेलो नाही. रविवारी सकाळी चार मीटर साठवर ओल्या गाळाची खूण पाहिली. फरशीवर पाणी होतं. दोन वीस हा आकडा मी मनाने लिहिला. निसीम रूबेन वाक्रूळकर.’ वडलांचं नावही रूबेनच होतं. ते लिहिताना त्यांचा हात जरा थांबला.

ऋतुजाने पान छापून दिलं. “सोमवारी हेच दाखवणार मी. चालेल?”

“नावासकट दाखव.”

शुक्रवारी सकाळी ते शीराकडे गेले. शीरा म्हणजे सिपोराची मावसबहीण, इस्रायलला न जाता पेणमध्ये मागे राहिलेल्या चारदोन घरांतली.

“सिपोरा? आहे की! गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे,” शीरा म्हणाली. “आई तिची कधीच गेली, निसीम. शेवटपर्यंत आपल्या त्या रागाच्या पत्राचंच घेऊन बसली होती.” तिने वही काढून पत्ता लिहून दिला. कशाला हवा, ते विचारलं नाही.

आई गेली होती. खरं तर उत्तर ज्या माणसाला हवं होतं ते माणूस उत्तराविना गेलं. घरी येऊन निसीमभाऊ कागद घेऊन बसले, चार वेळा फाडला. पाचव्यांदा लिहिलं, ‘सिपोराताई, रूबेनने उडी टाकली नाही. त्याला पाणी घेऊन गेलं, कमरेइतकं. मला हे त्या पंधरा जुलैपासून माहीत आहे. सोबतचं पान पाहा. कोरी जागा माझी आहे. त्याच्या कबरीचा दगड कुठे आहे ते मला ठाऊक आहे, मी तिथे जाऊन त्यालाही सांगेन. क्षमा मागायची मला हिंमत नाही.’

घड्याळात साडेतीन झाले होते. रविवारी सावकाश टाकू, असं मनात आलं. मध्ये शनिवार होता. त्या एका दिवसात आपण काय काय भरून टाकू शकतो ते त्यांना पक्कं माहीत होतं. चपला नीट न घालताच ते निघाले.

पोस्टातल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. “इस्रायल? रजिस्टर करायचं ना, आजोबा? पाठवणाऱ्याचं नाव नाय लिहिलंत.”

निसीमभाऊंनी खिडकीवर दोरीला बांधलेलं पेन घेतलं आणि नाव लिहिलं. मुलीने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.